दोन भाषांमधली मुलगी

पवनानगरच्या पुढे, धरणाच्या काठच्या आमच्या शाळेत त्या जूनमध्ये चौथीला एक नवी मुलगी आली. आधी ती इंग्रजी शाळेत होती. तिकडची व्हॅन त्यांच्या वाडीला यायची बंद झाली, म्हणून आई तिला आमच्याकडे घेऊन आली. आई एका कॅम्पसाइटवर स्वयंपाकाला जायची. जाताना तिनं एवढंच सांगितलं, "बाई, तिचं इंग्रजी तेवढं जाऊ देऊ नका."

मी तिला मराठीचं पुस्तक दिलं. ती अक्षरांवर नुसतं बोट फिरवत राहिली. मग इंग्रजीचं दिलं, तर तिनं अजून न शिकवलेला धडासुद्धा धडाधड वाचला. वर्ग बघत राहिला. एका वाक्याचा अर्थ विचारला, तेव्हा तिनं तेच वाक्य पुन्हा वाचलं. चित्राबद्दल विचारल्यावर मात्र मराठीत इतकं बोलली की तिला थांबवावं लागलं.

वाचन चाचणीत मराठीत ती अक्षरओळखीच्या पातळीवर आली आणि इंग्रजीत सगळ्यात वर. मुख्याध्यापक म्हणाले, दोन्ही लिहून टाका. लिहिलं. पण तिला बसवायचं कुठल्या गटात? महिन्याच्या शिक्षण परिषदेत इतर शिक्षकांना विचारलं, तर एकीनं सांगितलं, आधी मातृभाषा पक्की करा. दुसरे सर म्हणाले, पालकांना इंग्रजी हवंय, नाही दिलं तर आपली शाळा रिकामी होईल. मला दोघांचंही पटलं, त्यामुळे मी जास्तच गोंधळून परतले.

पहिलीच्या मुलांबरोबर बाराखडी गिरवायला ती लाजायची. म्हणून ती जे सांगेल ते मी फळ्यावर लिहू लागले: धरणातले मासे, रविवारी तंबूत राहायला येणारी माणसं, शेकोटीभोवतीची गाणी. आपलंच बोलणं असल्यामुळे ती ते वाचायला धडपडायची. दिवाळीनंतर गोष्टीची पुस्तकं वाचू लागली. मी मनातून फार खूश होते.

थंडी सरता सरता तिची आई शाळेत आली. कॅम्पवर मुंबईच्या पाहुण्यांनी मुलीला इंग्रजीत काहीतरी विचारलं होतं आणि ही नुसती उभी राहिली होती.

"मी कौतुकानं पुढं केलतं तिला," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मी समजावलं की आधीही तिला बोलता येत नव्हतं, नुसतं वाचता यायचं, अर्थ कळत नव्हता. आता ती समजून वाचते.

"मराठी समजून वाचती," ती म्हणाली. "मराठी तर आमाला बी येतं, बाई. त्येच्यासाठी शाळा कशाला?"

इंग्रजीसुद्धा समजावून शिकवेन, असं मी कबूल केलं. पण ते कसं, हे मलाच नीट ठाऊक नव्हतं. माझं स्वतःचं इंग्रजी पाचवीपासून शिकलेलं, पाठांतराचं. मोबाइलवरून उच्चार ऐकवले, छोटे संवाद करून घेतले. काही जमलं, काही नाही. या नादात तिच्या मराठी लेखनाकडे माझं लक्ष कमी झालं, हे मार्चमध्ये ध्यानात आलं.

चौथीनंतर पाचवीसाठी ती सेमी इंग्रजीच्या शाळेत निघाली. दाखला न्यायला आईबरोबर आली, तेव्हा मी विचारलं, सुट्टीत काय वाचलंस? आईनं आणलेली इंग्रजी गोष्टींची पुस्तकं, म्हणाली. आधी इंग्रजीत वाचते, मग आईला मराठीत सांगते.

"सगळं समजतं तुला?"

तिनं आईकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "थोडं समजतं. थोडं मी बनवते."

आई दाखला पिशवीत नीट ठेवत होती. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. मला म्हणाली, "लय छान सांगती गोष्ट."

दोघी निघून गेल्या. याला वाचता येणं म्हणायचं का, आणि त्यातलं मी काय शिकवलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. या जूनमध्ये इंग्रजी शाळेतून आणखी दोन मुलं आमच्याकडे आली आहेत. त्यांना पहिल्या दिवशी कुठलं पुस्तक द्यावं, या विचारात मी बराच वेळ कपाटापुढे उभी होते.