पाहण्याच्या दिवशीची डिक्शनरी

सई, परवा आपला व्हिडिओ कॉल सुरू असताना तू फोनलाच ‘इफेमरल’चा उच्चार विचारलास आणि मला धारच्या माझ्या माहेरची बैठकीची खोली आठवली. देवासहून मला पाहायला आलेली मंडळी शेव घातलेले पोहे खात होती. तुझ्या पणजोबांनी, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी, डिक्शनरी पुढे केली. मी ‘इफेमरल’, ‘मेटामॉर्फोसिस’ स्पष्ट वाचले. क्षणभंगुर, रूपांतर असे अर्थही सांगितले. ते खूश झाले. मी धीर करून विचारलं, “मग लग्नानंतर कॉलेजात शिकवू ना?”

“भिया, बच्ची तो मजाकी भी है!” ते माळव्याच्या हिंदीत बाबांना म्हणाले. सगळे हसले, बाबासुद्धा.

पुढे देवासात पाहुणे आले की मी हात पुसून चार शब्द वाचून दाखवायची आणि पोळ्या लाटायला परत जायची. तुझ्या आजीला हे शब्द येतात, हे तुला कुणी सांगितलंच नसेल.