सौर सेलची चव

रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक मदतनीस आहेत, ते काचसामान धुतात. फार कमी बोलतात, आणि बोलायच्या आधी पंच्याला हात पुसतात. रंगद्रव्यावर चालणाऱ्या सौर सेलसाठी मी जेल बनवत होतो, पण ते घट्ट न राहता रोज पाणी सोडायचं. परवा आत शिरलो तर हे बोटावर जेल घेऊन चाटतायत. मी हादरलोच. त्यात आयोडीन होतं. नळाखाली चुळा भरायला लावल्या, रिक्षाने डॉक्टरकडे नेलं. काही झालं नाही.

परत येताना म्हणाले, "मीठ दुप्पट पडलंय हो सर. आंब्याच्या कॅनिंग फॅक्टरीत होतो तेव्हा पाक असाच बघायचो."

वही उघडली. आयोडाइडचं मीठ मी खरोखरच दोनदा घातलं होतं.

नवं जेल कसं झालंय, हे त्यांना विचारावंसं फार वाटतं. विचारत नाही. ते चाखून सांगतील.