दुसरीची चूक सांगायची

बेव्हर्ली पार्कच्या मागच्या गल्लीत, एका इमारतीच्या दोन मजल्यांवर वृद्धाश्रम आहे. रविवारी मी तिथे आजी-आजोबांना पेपर वाचून दाखवायला जायचे. खरं तर मी पत्रकं वाटणाऱ्या एका कामगार संघटनेतली. आतल्या बाया कशा राबतात, ते बघायलाच शिरले होते.

संध्याकाळी ड्युटी बदलताना मॅनेजर मॅडम आजी-आजोबांचं करणाऱ्या सगळ्या मावशांना ऑफिससमोर रांगेत उभं करायच्या. प्रत्येकीने दुसरीची एक चूक सांगायची. "याने क्वालिटी राहते," असं मॅडमचं म्हणणं. चहाडीला इंग्रजी नाव दिलं की तिचं मॅनेजमेंट होतं! मी रागाने धुमसत होते, पण एक गोष्ट कळेना. चुका इतक्या फुसक्या कशा? "हिने चादर नीट खोचली नाही." "ही जिन्यात गाणं म्हणत होती." आणि जिची तक्रार व्हायची, तीच पदराआड हसायची.

वरच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या मावशीला मी विचारलंच.

"अगो, ठरवून असतं ते. सकाळीच विचारायचं, बाय, आज तुझं काय सांगू? ती म्हणते, केस मोकळे होते म्हण. झालं काम."

"आणि खरी चूक झाली तर?"

"ती आपल्याआपल्यात निस्तरायची."

मला हे भारीच आवडलं. याला म्हणतात एकजूट, असं मी संघटनेत सांगितलंसुद्धा.

मग एका रविवारी वरच्या मजल्यावरची आजी पेपर ऐकेना. मनगट पोटाशी धरून बसली होती. सुजलेलं, वर हळदीचा लेप.

"दुपारी कॉटवरून घसरली," मावशी हळूच म्हणाली. "मी पलीकडच्या आजोबांना साफ करत होते. अख्ख्या मजल्यावर मी एकटी."

"डॉक्टरला बोलावलं?"

"बोलावलं तर मॅडमला कळणार. आधीच्या बाईला अशानेच काढलं. घरात मी एकटीच कमावतेय गो."

आजीने सरकून बसायला हात टेकला आणि कळवळली.

"मी सांगते मॅडमना," मी उठले.

"तू बस. तू बोललीस की भाषण होतं. मीच सांगते."

रांग लागली. मावशीची पाळी आली. "मॅडम, माझी चूक आहे."

"स्वतःची नाही, दुसरीची सांगायची."

"दुसरीची नाही झाली. माझीच झालीय." तिने सगळं सांगितलं.

मॅडमनी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आधी एक्स-रे काढा. फोन ठेवून त्या मावशीला म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

शेजारी चौक गावची कोळीण मावशी उभी होती. "आता माझी पाळी हाय ना? मंग मी तुमची सांगते. येवढ्या मजल्याला एकच बाई ठेवली, ती चूक तुमची हाय."

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. आता मॅडम भडकणार, असं मला वाटलं.

"मालक दुसरी बाई देत नाही," मॅडम म्हणाल्या. "दोनदा मागितली. मी कुणासमोर उभी राहून सांगू?"

हा प्रश्न आमच्या एकाही पत्रकात नव्हता. मॅडम म्हणजे मालकाची बाजू, एवढंच आम्ही छापत आलो होतो.

"मालकाकडं आमाला घेऊन चला," कोळीण मावशी म्हणाली. "सगल्या येतो. रांग लावाची आमाला सवय हाय."

एक्स-रेला न्यायला रिक्षा आली. आजी रत्नागिरीच्या मावशीचा हात सोडेना.

"बस तिच्याबरोबर," मॅडम मावशीला म्हणाल्या. आणि रिक्षा निघता निघता, "उद्या सकाळची ड्युटी आहे तुझी. उशीर नको."