सेंटर हाफ लंगडली

लोणावळ्याच्या रेल्वे शाळेत मी मुलींच्या फुटबॉल संघाची सेंटर हाफ होते. पुढच्या पोरींना गोल केल्याचं कौतुक, मागच्यांना अडवल्याचं. मधलीने दोन्हीकडे धावायचं आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. आई म्हणायची, "मग तुझं नि माझं काम एकच की गं." तरी ती जागा मला जीव की प्राण होती.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. पुण्याच्या एका शाळेच्या मुली रविवारी आमच्याशी सामना खेळायला येणार होत्या. आणि नेमके त्याच्या आधी, गुरुवारी, कुसगावात आमच्या घरी मला बघायला पाहुणे आले. पसंती झाली की सुपारी फुटणार, आणि सुपारी फुटलेली मुलगी मैदानावर जात नाही. वडील रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. त्यांनी मला तसं आधीच बजावलं होतं.

बघायला आलेल्यांनी मुलीला चालायला लावायची आमच्याकडे रीतच. नवऱ्या मुलाची आत्या म्हणाली, "पोरी, जरा दारापातुर चालून दाव."

मी उठले आणि डावा पाय ओढत, लंगडत दारापर्यंत गेले. तशीच परत आले. मी इतकी खूश होते की हसू दाबायला ओठ चावावा लागला.

पाहुण्यांनी चहासुद्धा घेतला नाही. उंबऱ्यातून आत्या म्हणाली, "पाव्हणं, पोरगी अधू हाय हे आदी सांगायचं न्हाई व्हय?"

सगळे गेल्यावर वडील माझ्या पायाशी बसले, घोटा हातात धरला आणि रडायला लागले. "त्या चेंडूनं माझ्या पोरीचा पाय खाल्ला," एवढंच म्हणत राहिले. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. पाय बरा आहे हे सांगायला तोंड उघडलं, तर आईने मला चुलीपाशी ओढलं. तिला सगळं कळलं होतं.

"गप. पाव्हण्यांम्होरं सोंग केलं म्हणून गावात कळलं, तर धाकटीला कोण करून घील? आता लंगडतच ऱ्हा."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. दुसऱ्या दिवशी वडिलांनी मला बैलगाडीत घालून तिकोणा पेठेला हाडवैद्याकडे नेलं. म्हातारा पाय चाचपून म्हणाला, "हाड तर जाग्यावं हाय." वडिलांनी त्याचे हात धरले. "तरी बांदा, आबा." त्याने लेप लावून, बांबूच्या कामट्या घालून माझा धडधाकट पाय करकचून बांधला.

रविवारी मी ओसरीवर पाय पसरून बसले. धाकटी सामना बघून आली आणि म्हणाली, "आक्का, आपण हरलो. तुझ्या जागंवरनंच समद्या आत शिरत हुत्या."

मी गळा काढून रडले. पाय ठणकतोय असं वाटून वडील लेप बदलायला धावले.

लंगड्या मुलीला बिजवर मिळतो. मलाही मिळाला, तळेगावचा, दोन लेकरांचा बाप. वडिलांना तो देवासारखा वाटला. सप्तपदीच्या वेळी अख्खा गाव बघत होता, धाकटी नवी चोळी घालून पुढेच उभी होती. मी डावा पाय ओढला. वडील घाईने पुढे आले, माझं कोपर धरलं आणि म्हणाले, "सावकाश, बाय. पडशील."

मी सावकाश चालले.