एल्सीच्या नावावर गास्परचा श्वास

एल्सी काउइचला झोप कधी लागली हे तिला स्वतःला कळायचं नाही, गिऱ्हाइकाला कळायचं. किलोभर तोर्तिया कागदात गुंडाळता गुंडाळता तिचा हात थांबे, हनुवटी गळ्यावर टेके, आणि मागच्या मशीनमधून मक्याच्या गरम पोळ्या एकामागून एक पडत राहत. उमान गावची माणसं समजूतदार. कुणी हलक्या हाताने आपली पुडी काढून घेई, कुणी फळीवर टकटक करून अदबीने म्हणे, "दोन्या एल्सी, मका जळतोय." ती डोळे उघडून पुढचं वजन करायला लागे. सुरुवातीला लाज वाटायची. नंतर तीही वाटेनाशी झाली.

वय शेहेचाळीस, वजन एकशे एकतीस. साखर होती, रक्तदाब होता, गुडघे होते. मेरिदा शहरातल्या सरकारी रुग्णालयात पोट लहान करायच्या ऑपरेशनसाठी तिचं नाव लावलं ते थोरल्या मुलीने, कांकुनला नोकरीवर जाण्याआधी. नंबर यायला दोन वर्षं लागली. तो आला तेव्हा तपासणीसाठी एक रात्र तिला अंगाला तारा लावून निजवलं, आणि सकाळी लिखिया सान्सोरेस नावाच्या नर्सने सांगितलं की झोपेत तुमचा श्वास तासाला बासष्ट वेळा थांबतो. एल्सी म्हणाली, "हो का."

घरात ही बातमी जुनीच होती. फक्त तिला आकडा नव्हता. लग्न झाल्यापासून दोघांच्या जाळीच्या झोळ्या एकाच खोलीत शेजारी शेजारी टांगलेल्या असत. ती घोरायला लागली की नवरा गास्पर आपल्या झोळीतून पाय लांब करून तिच्या झोळीला एक ढकल देई. झोळी हेलकावे खाई, घोरणं थोडा वेळ थांबे. वजन वाढत गेलं तशी ढकल पुरेनाशी झाली. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी गास्परने आपली झोळी कडीवरून उतरवली आणि मागच्या खोलीत नेऊन टांगली. भांडण झालं नाही. ट्रॅक्टरशेजारी झोपायचं तर पगार तरी हवा, एवढंच तो म्हणाला. एल्सीने रिकाम्या कड्यांवर धुतलेले कपडे वाळत घातले.

ऑपरेशनआधी अट अशी होती. रुग्णालयाने दिलेलं श्वासाचं मशीन महिनाभर रोज लावायचं, किमान चार तास. मशीन वारा सोडतं, तो नळीतून नाकावरच्या मास्कमध्ये येतो आणि घसा मिटू देत नाही. किती तास लावलं ते आतल्या कार्डावर आपोआप नोंदलं जातं. कार्ड भरलं नाही तर तारीख नाही, आणि नाव पुन्हा यादीच्या तळाला.

पहिल्या रात्री मशीन जमिनीवर ठेवलं. झोळी हलली की नळी ताणली जाई आणि मास्क कानावर जाई. घरात पलंग एक होता, पण त्यावर इस्त्रीचे कपडे असत. त्यावर माणूस झोपल्याचं कुणाला आठवत नव्हतं. गास्पर तीनचाकी रिक्षा चालवायचा. मोडलेलं काहीही तारेने बांधून चालू करायचा. त्याने मशीन बाजाराच्या पिशवीत घातलं आणि झोळीच्या वरच्या दोऱ्यांनाच अडकवलं.

"आता तू हललीस की तेही हलेल," तो म्हणाला. "दोघी मिळून झोके घ्या."

युक्ती बरी होती. पण हवा ओली राहावी म्हणून मशीनला पाण्याची डबी असते, हे त्याच्या लक्षात आलं नाही. एल्सी कुशीवर वळली, पिशवी हिंदकळली, आणि ते पाणी नळीतून सरळ तिच्या नाकात उतरलं. आपण बुडतोय असं वाटून ती उठून बसली, मास्क ओढून भिंतीवर फेकला. सासू दोन्या कांदिता दारात उभी राहून म्हणाली, की बाहेरचा वारा अंगात शिरला तर आम्ही धावत जाऊन उतरवून घेतो, आणि ही मोठ्या शहरातून मागून आणते. एल्सीने नाक पुसलं आणि मशीन कोपऱ्यात ठेवलं. पुढचे चार दिवस तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

पाचव्या दिवशी दुपारी दुकान बंद करून ती घरी आली, तर मागच्या खोलीतून वाऱ्याचा आवाज येत होता. गास्पर झोळीत पडला होता, कानाशी रेडिओवर बेसबॉल चालू, आणि नाकावर तिचा मास्क. डबी त्याने रिकामी केली होती.

"जाडे, त्यांना कार्ड भरलेलं हवंय," तो मास्क वर करून म्हणाला. "नाक कुणाचं, ते कार्डाला कुठे कळतं? ऑपरेशन झालं की बारीक होशील, घोरणं जाईल. मग मशीन कशाला हवंय?"

यात तिला काही चुकीचं दिसलं नाही. बरोबरही दिसलं नाही. ती चपला काढून खुर्चीत बसली आणि तिथेच तिला झोप लागली. त्यानंतर रोज दुपारी दोन ते सहा गास्पर तिच्या नावावर श्वास घेत राहिला.

तपासणी सोमवारी होती. सोमवारी घरोघर डुकराचं मांस घालून काळा घेवडा शिजतो. एल्सी घेवडा शेगडीवर ठेवून गास्परबरोबर निघाली होती, आणि सासू आच कमी करेल की नाही एवढाच विचार बसभर तिच्या डोक्यात होता. लिखियाने कार्ड संगणकात घातलं. सव्वीस दिवस, रोज चार तास. दुपारी का, तिने विचारलं. एल्सीने घरी ठरवलेलं सांगितलं, की मका दळायला पहाटे तीनला उठावं लागतं, म्हणून झोप दुपारची. लिखियाने मान डोलावली. पहिले चार दिवस तिने सोडून दिले. इतकं नेटाने कुणी लावत नाही म्हणाली, आणि वहीत तारीख लिहिली, पुढच्या महिन्याची चौदा.

मग पेन खाली ठेवून तिने समजावून सांगितलं. ऑपरेशननंतर दुखण्याचं औषध देतात, त्याने घसा आणखी सैल पडतो. त्या वेळी या मशीनवरच सगळं असतं. सवय नसलेली बाई गुंगीत मास्क ओरबाडून काढते.

"मागच्या वर्षी एकीने काढला," लिखिया म्हणाली. "दोनच मिनिटं कुणाचं लक्ष नव्हतं." पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही. "तुमची मला काळजी नाही, दोन्या एल्सी."

"बरं," एल्सी म्हणाली.

तिने सगळं ऐकलं होतं. गल्लीतल्या कुणा दुसऱ्या बाईबद्दल ऐकावं तसं. दोन मिनिटं म्हणजे फार नाही, असं तिच्या मनात आलं आणि गेलं. ती पिशवी उचलून उठायला लागली.

गास्पर उठला नाही. टोपी दोन्ही हातांत धरून तो बसून होता.

"ते माझं आहे," तो म्हणाला.

लिखियाला वाटलं तो पेनबद्दल बोलतोय. तिने पेन पुढे केलं.

"श्वास. कार्डातला. ही लावतच नाही. मी लावतो, बेसबॉल ऐकत."

लिखियाने वही ओढली आणि चौदा तारखेवर आडवी रेघ मारली. ती ओरडली नाही. का लावलं नाही, एवढंच तिने एल्सीला विचारलं. एल्सीने पिशवीची आणि पाण्याची हकीकत सांगितली, शेजारणीची सांगावी तशी. लिखियाने कपाळावर हात मारला. मग मशीनसोबत दिलेला छापील कागद काढून पुन्हा वाचला.

"पलंगाशेजारी, डोक्यापेक्षा खाली ठेवा," ती वाचत म्हणाली. "इथे पलंग आहे कुणाकडे? मी स्वतः झोळीत झोपते. मला सुचायला हवं होतं."

पाणी घालूच नका, आपली हवा तशीही ओली असते, तिने सांगितलं. मशीन जमिनीवर राहू दे. झोळी खाली उतरवून बांधा, आणि नळी वरच्या दोरीला सैल अडकवा, म्हणजे ताणली जाणार नाही. यादीच्या तळाला न टाकता तिने दोन महिन्यांनंतरची तारीख दिली. मधला महिना खरा हवा, म्हणाली.

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसली. एल्सीला दीड जागा लागे, गास्पर कडेला अर्धा टेकलेला. शहर मागे पडलं.

"तुला विचारलं होतं का कुणी?" ती म्हणाली.

"नाही."

"दोन वर्षं थांबले मी."

"दोन मिनिटं म्हणाली ती."

"ऐकलं मी."

"तेच तर," गास्पर म्हणाला. "तू ऐकलंस, आणि बरं म्हणालीस."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. घरी घेवडा खाली लागला होता. तिने वरचा वरचा काढून वाढला.

त्याच संध्याकाळी गास्परने तिची झोळी वीतभर खाली बांधली. मग कड्यांवरचे कपडे काढून आपली झोळी परत शेजारी टांगली. पहिल्या रात्री तिने दोन तास काढले, दुसऱ्या रात्री तीन. वारा कोरडा होता आणि नाकाला खाज सुटे. बरं वाटलं असं काही झालं नाही. नवव्या का दहाव्या दिवशी एक गिऱ्हाईक पुडी घेताना म्हणालं, "आज झोपला नाहीत, दोन्या एल्सी." तेव्हा तिच्या ध्यानात आलं. दुपारी खुर्चीत बसली तर डोळे मिटेनात. दिवस लांब झाला होता आणि त्याचं काय करावं हे तिला कळेना. ती भिंतीकडे बघे. दुकानाचा रंग उडाला होता. गास्परच्या मानेवरचे केस पांढरे झाले होते, कधी झाले कोण जाणे.

त्याला मात्र आता झोप लागेना. आठ वर्षांनी तो या खोलीत आला होता आणि खोलीत घोरण्याचा आवाजच नव्हता. थोड्या थोड्या वेळाने त्याचा पाय येई, तिच्या झोळीला ढकल देई.

"काय आहे?" ती मास्कमधून विचारी.

"काही नाही, जाडे. आहेस का बघतोय."

"आहे."

लिखियाने दुसऱ्यांदा कार्ड पाहिलं तेव्हा तास कमी भरले होते, पण रात्रीचे होते. काही रात्री श्वास अडलेलाही दिसत होता. हे खऱ्या माणसाचं आहे, असं म्हणत तिने तारखेवर शिक्का मारला.

ऑपरेशन सकाळी झालं. एल्सीला जाग आली तेव्हा खिडकीत दुपारचं ऊन होतं, पोटावर दगड ठेवल्यासारखं वाटत होतं आणि तोंडावर काहीतरी होतं. तिचा हात आपणहून वर गेला, पट्ट्याला लागला. मग नाकाला तो वारा कळला, रोजचाच, कोरडा. हात परत खाली आला.

रुग्णालयाच्या भिंतीत नातेवाइकांसाठी कड्या होत्या. गास्परने पलंगाला लागून झोळी टांगली होती आणि तो तिच्याकडे बघत पडला होता. तिच्या छातीकडे, मशीनकडे, पुन्हा छातीकडे. त्याने पाय लांब केला आणि पलंगाच्या लोखंडी कडेला ढकल दिली. पलंग हलला नाही. त्याची स्वतःचीच झोळी मागे गेली आणि परत आली.

"जाडे," तो म्हणाला.

मास्कमध्ये बोलायला घसा साथ देईना. त्याने पुन्हा ढकल दिली. तिने चादरीखालून पाय सरकवत कडेपर्यंत आणला, त्याच्या पायाला लागेल इतका, आणि तिथेच ठेवला.