वाऱ्याविरुद्ध आलेला फवारा

असले न उलगडणारे अनुभव वाचून मी आजवर हसतच आलोय. मोताळ्याच्या आठवडी बाजारात अंगारे विकणाऱ्यांच्या समोर उभं राहून बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटणारा माणूस मी... त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय. पण लिहितो.

बीटी कपाशी आली तेव्हा सांगितलं होतं, आता फवारणीची कटकट संपली. आज गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानत नाही आणि दुकानदार नवनवी औषधं गळ्यात मारतात. त्यातलंच एक 'नॅनो' औषध — अतिसूक्ष्म कणांचं. रोहिणखेडच्या रस्त्याला एका शेतात ते फवारलं गेलं आणि बांधावर भाकर खात बसलेल्या विमलकाकूंची नजर अधू झाली. काकू निंदणाला जायच्या. आता तण कोणतं, कपाशीची पऱ्हाटी कोणती ते दिसत नाही, म्हणून कुणी कामाला बोलवत नाही. भरपाईसाठी आम्ही कृषी विभागाकडे तक्रार केली. अडचण एकच — वारा काकूंकडून फवारणाऱ्याकडे वाहत होता. हे खुद्द काकूच सांगतात.

"वारा माह्या पाठीकून होता. तरी फवाऱ्याची धुई माह्या तोंडावर आली. काऊन आली, मले काय मालूम?"

माझा मित्र इम्रान इंजिनिअरिंग कॉलेजात नेमका हाच अभ्यास करतो: द्रवातले नॅनोकण कसे वाहतात. त्यासाठी न्यूरल नेटवर्क वापरतो, म्हणजे कॉम्प्युटरला असंख्य फवारे दाखवून शिकवायचं. मग नव्या शेताचा वारा आणि नोझल सांगितलं की कण कुठे जातील ते तो वर्तवतो. इम्राननं त्या शेताची मापं आणि त्या दिवशीचा वारा कॉम्प्युटरला दिला; काकू कुठे बसल्या होत्या, हे दिलंच नव्हतं. स्क्रीनवर सगळा फवारा वाऱ्यासोबत गेला... एक बारीक रेघ मात्र उलटी फिरली आणि बांधावर, काकूंच्या जागी, थांबली.

"मॉडेल गंडलं बे," इम्रान म्हणाला. "असं होतच नसते."

त्यानं मॉडेलला नव्यानं शिकवलं. तीच रेघ. शेजारच्या शेताची मापं दिली, तर रेघ गायब.

मग भर दुपारी आम्ही त्याच शेतात गेलो. पंपात साधं पाणी आणि कपड्याची नीळ. इम्रान फवारत होता, मी काकूंशेजारी बसलो. वारा पाठीला लागत होता, निळा फवारा लांब चालला होता. तेवढ्यात काकूंनी पदर तोंडावर ओढला.

"आली, बाबू. डोये मीट."

मी मिटले नाहीत. चष्म्याच्या काचांवर निळे ठिपके बसले.

सुनावणीत हे सगळं सांगितलं. साहेब हसले. "तुम्ही तर अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटता ना? बाईंना म्हणा, वारा कुठून होता ते नीट आठवा." म्हणजे दिशा बदला, मग बघू. उघडउघड खोटं बोलायला सांगत होता हा माणूस.

"आठवते ना," काकू म्हणाल्या. "पाठीकूनच होता, साहेब."

तक्रार फेटाळली. बाहेर टपरीवर मी चडफडत होतो, काकू बशीतला चहा फुंकत होत्या.

"मले वाटे, मीच याडी झाली का काय. तुह्या चष्म्यावर तं बसली ना."

इम्रानच्या सरांनी नोझल, ऊन, जमिनीचा उतार, सगळं तपासलं. त्यांना उत्तर मिळालं नाही. मलाही अजून मिळालेलं नाही. आम्ही अपील केलंय. वाऱ्याची दिशा त्यात तीच लिहिली आहे.