फिनेलमावशीचे हात

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पूर्वी चपला दुरुस्त करणारा एक कारागीर बसत असे. त्याच्या गाळ्यातून चामड्याचा आणि सोल्यूशनचा वास येई, पण तो वास आपली मर्यादा ओळखून होता. जिना चढून तो कधी वर आला नाही. कारागीर गाळा सोडून गेला आणि त्या जागी स्नानाच्या व सौंदर्याच्या वस्तूंचे एक महागडे दुकान आले. तेव्हापासून माझ्या चहाला गुलाबाचा, पावाला लवंगेचा आणि वर्तमानपत्राला कधी न पाहिलेल्या कुठल्याशा फळाचा वास येतो. त्या दुकानात साबणाची लादी सुरीने कापून वजनावर विकतात, चेहऱ्याला फासायचा काळा चिखल बर्फात जपून ठेवतात, आणि टबात टाकायचे रंगीत गोळे टोपल्यांमधून रचून ठेवतात. आमच्या गल्लीत एकाही घरी टब नाही. लोक हौसेने गोळा घेतात, बादलीत सोडतात, आणि मग फेस न्हाणीचा उंबरा ओलांडून स्वयंपाकघराच्या दिशेने निघाला की एकमेकांवर ओरडतात.

असल्या दुकानाची किंमत वसूल होते का, असे कोणी मला विचारले तर माझे उत्तर आजही नकारार्थीच आहे. साबण हा साबण असतो. तो धुतो आणि संपतो. तरीही हा मजकूर मी तक्रारीसाठी नव्हे, तर आभारांसाठी लिहितो आहे. या प्रकारच्या लेखनाचा मला सराव नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

सराव आहे तो तक्रारींचा. विमा कंपनीत दावे तपासणे हे माझे काम. समोरचा खोटे बोलत आहे असे गृहीत धरून वाचायला बसायचे, हा त्या कामाचा पहिला नियम, आणि तो संध्याकाळी कोटाबरोबर खुंटीला टांगता येत नाही. रस्त्यावरचा विझलेला दिवा, नळाचा दाब, शेजाऱ्याचा भोंगा, सगळ्यांवर माझे अर्ज झालेले आहेत. गल्लीत मला ‘अर्जवाले’ म्हणतात. तोंडावर नव्हे, पण आमच्या जिन्यात आवाज घुमतो.

मी लग्न केले नाही. मेहुणे गेल्यापासून मी आणि माझी थोरली बहीण एकत्र राहतो. हे लेखन तिच्याविषयी आहे.

ताई रुग्णालयात आया होती. शस्त्रक्रियेनंतरचे रोगी ज्या वॉर्डात आणतात, तिथे तिने आयुष्य काढले. लादी पुसणे, भांडी उपसणे, चादरी बदलणे, आणि माणूस घरी गेला किंवा वर गेला की त्याची खाट फिनेलने धुऊन पुढच्यासाठी तयार ठेवणे. वडील लवकर गेले, तेव्हा घरात शिकण्याच्या वयाची दोन मुले होती आणि मिळकत शून्य. ताईने शाळा सोडली, मी सोडली नाही. माझी भाषा, माझी नोकरी, इतकेच काय, माझे अर्जदेखील तिच्या बादलीतून आलेले आहेत. वॉर्डात प्रत्येक आयेला मावशीच म्हणतात, पण बरे होऊन चालायला लागलेली मुले हिला नेमके ‘फिनेलमावशी’ म्हणत, आणि तिला ते आवडे. तिथे तो वास स्वच्छतेची खूण होती. डॉक्टर आत येताना नाक वर करून बघत आणि वास आला की समाधानाने पुढे जात.

घरी मात्र तोच वास तिच्या मुळावर आला. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, तेव्हा अंगावर पिणारी होती. कामाची पाळी संपवून ताई धावत घरी येई, हात-पाय धुऊन मुलीला जवळ घेई, आणि मुलगी तोंड फिरवून रडू लागे. लिंबू झाले, राख झाली, तेल झाले. मुलगी काही वळेना. शेवटी आमच्या आईने बाटली लावली. तेव्हापासून ताईने स्वतःला एक शिस्त लावून घेतली. आधी हात धुवायचे, मग बोटे नाकाशी धरायची, आणि वास उरला नसेल तरच लेकराला शिवायचे. पुष्कळदा तिचे समाधान होईपर्यंत लेकरू झोपलेले असे.

ती निवृत्त झाली. बादली सुटली, पण शिस्त सुटली नाही. कणीक मळण्याआधी, माझ्या शर्टाला बटण लावण्याआधी, ती अजूनही बोटे नाकाशी नेते. मी ती सवय समजत होतो, आणि सवयीविरुद्ध अर्ज करता येत नाही म्हणून गप्प होतो.

यंदा भाची बाळंत झाली. तिच्या नवऱ्याची नोकरी बाहेरगावची, म्हणून पहिले काही महिने ती तान्ह्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली. ताईने घर डोक्यावर घेतले. बाटल्या उकळल्या, दुपटी उन्हात वाळत घातली, खिडकीला जाळी बसवून घेतली. फक्त बाळाला हात लावला नाही. बाळ कोणी पुढे केले की तिला चुलीवरचे दूध आठवे. ते दूध इतक्या वेळा उतू जायला निघे की भाचीच्या लक्षात आल्याशिवाय राहिले नाही. तिने मला गाठून विचारले, “मामा, आईला माझं बाळ आवडलं नाही का?”

मी ताईला विचारले. ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली.

“माझ्या हाताला वास येतो. ही पण तोंड फिरवेल.”

मला तर कसलाच वास येत नाही, असे मी सांगितले.

“तुला कसा येईल? तू त्यातच वाढलास.”

मी भाचीला सगळे सांगितले. तिला यातले काहीच ठाऊक नव्हते. कुठल्या तान्ह्याला असते? तिने आईचे दोन्ही तळवे आपल्या गालांवर धरले, काही वास नाही म्हणून शपथा घेतल्या. ताईने ऐकून घेतले आणि दूध बघायला गेली.

याच सुमारास दुकानाशी माझा वाद रंगात होता. दुकानाच्या दारातच त्यांनी एक कुंड मांडले आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवायचे, त्याचे हात कोमट पाण्यात घ्यायचे, साखर आणि तेल चोळायचे, सुगंधी साबणाने धुवायचे, आणि तो भारावलेला असतानाच त्याच्या गळ्यात माल मारायचा, अशी त्यांची पद्धत. हे काम करणाऱ्या मुलीला गल्लीने ‘फेसवाली’ नाव दिले आहे. कुंडाचे सांडपाणी सरळ रस्त्याकडेच्या गटारात जाई आणि दुपारपर्यंत गटारावर गुलाबी फेस उभा राही. त्यावर उपाय होता. आमच्या मोरीचा पाइप त्यांच्याच भिंतीतून खाली उतरतो. त्याला जोड द्यायला त्यांनी माझी संमती मागितली होती. मी ती कारणांसह लेखी नाकारली आणि पालिकेकडे अर्ज केला. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याला प्रत पोचवायची, हे माझे तत्त्व आहे. ती प्रत मी ताईच्या हाती खाली पाठवली.

पुढचे मला ताईने नंतर सांगितले. फेसवालीने ओल्या हातांनी कागद घेतला, वाचला, आणि म्हणाली की अर्जवाल्यांना सांगा, कागद फार कोरडा आहे, थोडा वास लावून परत पाठवते. मग तिची नजर ताईच्या हातांवर गेली. भेगा, पांढरी पडलेली बोटे, झिजलेली नखे. विचारणे वगैरे तिच्या स्वभावात नाही. तिने मनगट धरले आणि हात कुंडात घातले. मावशी, म्हणाली, घ्यायचं काही नाही, नुसत्या उभ्या राहा.

ताई वर आली ती दारातच थांबली. बोटे नाकाशी नेली, एकदा, पुन्हा एकदा. मग आत येऊन पाळण्याजवळ बसली आणि झोपलेल्या बाळाच्या पावलावर एक बोट ठेवले.

त्यानंतर ती रोज खाली जाऊ लागली. मला इतकेच कळले की जिन्यातला तो उग्र दर्प आता माझ्या स्वयंपाकघरात वावरतो आहे. मी जाब विचारला. ताईने शांतपणे सांगितले की घरच्या साबणाचा वास उडाला की खालून फिनेल वर येते. दुकानाचा वास मात्र इतका दांडगा आहे की त्याच्याखाली फिनेल तिला शोधूनही सापडत नाही. थोडा वेळ टिकतो, तेवढ्यात ती बाळाला शिवून घेते. आज पाऊल, उद्या पोटरी, परवा पाठ.

ज्या वासाविरुद्ध मी लिहीत होतो, त्याचा उद्धटपणा हीच त्याची उपयुक्तता आहे, हे मला पटवून घ्यावे लागले. पण अर्ज पोचला होता, आणि माझे अर्ज नेमके असतात. पालिकेचा निरीक्षक आला, गुलाबी फेस पाहिला, आणि सांडपाण्याची रीतसर जोडणी होईपर्यंत कुंड बंद ठेवण्याचा हुकूम देऊन गेला. अर्जातले एकही अक्षर चुकीचे नव्हते, आणि असे यश मला यापूर्वी क्वचितच मिळाले होते.

ताई पुन्हा दुधाकडे लक्ष देऊ लागली. भाची मात्र म्हणाली, “मामा, अभिनंदन. जिंकलात.”

निर्णय झाला तो एका दुपारी. भाची न्हाणीत होती आणि बाळ जागे होऊन रडू लागले. मी बाहेरच्या खोलीत कागद चाळत होतो. ताईने मला हाक मारली. आत गेलो तर ती पाळण्याशेजारी उभी होती. दोन्ही हात कोपरांत वाकवून तिने हवेत धरले होते, जसे हात धुतलेला सर्जन कशालाही न शिवता उभा राहतो तसे. बाळाचा रडून रडून श्वास अडकत होता, आणि ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, तेही तिने पुसले नव्हते.

“तू घे तिला,” ती म्हणाली. “तुझे हात कागदाचे आहेत.”

मी बाळाला उचलले, एखादी तडा गेलेली फुलदाणी उचलावी तसे. भाची येईपर्यंत आम्ही तिघेही रडवेले झालो होतो. मग मी चपला घातल्या आणि खाली गेलो.

फेसवाली कोरड्या कुंडापाशी बसून डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. मला पाहून तिने हातातले काम खाली ठेवले.

“बोला काका. आज काय बंद करायचं?”

“चालू करायचं आहे,” मी म्हणालो. “तो संमतीचा कागद काढा.”

तिने कागद काढला, पण माझ्याकडे देण्याआधी उलटसुलट करून पाहिला, जणू माझ्या होकारात काही खोड दडलेली असावी. तिच्या जागी मीही तेच केले असते. मी सही केली, आणि जोड नीट न बसल्यास पाणी माझ्या मोरीत चढेल, एवढे एक वाक्य खाली स्वतःच्या हाताने लिहिले. प्लंबर आला, भिंत फुटली, आमच्या मोरीत दोन दिवस विटांचा चुरा पडत होता. मी त्याविषयी तोंडी बोललो, लेखी नाही. निरीक्षक पुन्हा येऊन मान हलवून गेला.

कुंड सुरू झाले, त्या दिवशी मी ताईबरोबर खाली उतरलो. फेसवालीने मनगटापासून सुरुवात केली. साखर प्रत्येक बोटाच्या पेरांत, नखांच्या कडांना, भेगांच्या आत हलकेच फिरवली, आणि तोंडाने अखंड दुकानाच्या मालकिणीची निंदा चालू ठेवली. ताई हसत होती. आयुष्यभर दुसऱ्यांची अंगे पुसलेल्या बाईचे हात कोणीतरी धूत होते, आणि माझ्या आठवणीत असे पहिल्यांदाच घडत होते. माझेही हात पुढे करा, असे ती मुलगी म्हणाली. मी नकार दिला. सवलतीचा फायदा घेऊ नये.

ताई दोन्ही हात हवेत धरून जिना चढली. कठड्याला शिवली नाही. मी पुढे जाऊन दार उघडले. भाचीने बाळ आईच्या हातांत ठेवले.

बाळाने डोळे बारीक केले, नाक आक्रसले आणि तोंड फिरवले. आम्ही तिघे जागच्या जागी थिजलो. मग बाळ शिंकले. लागोपाठ आणखी एकदा शिंकले, तोंड परत वळवले, आणि ताईच्या मनगटाला गाल लावून पडून राहिले.

“झोंबला गं तिला,” ताई म्हणाली, आणि हसायला लागली. “दुकानाचाच झोंबला.”

दुधाची वेळ झाली तरी तिने बाळ खाली ठेवले नाही. त्या दिवशी दूध खरोखर उतू गेले आणि कोणी उठले नाही.

पुढे एकदा दुकानाची साप्ताहिक सुट्टी होती. बाळ रडले आणि ताईने भांडी घासता घासता, नुसते पाण्याखाली हात धरून, तिला उचलले. बोटे नाकाशी न्यायची राहून गेली हे तिच्या संध्याकाळी लक्षात आले. मी आधीच पाहिले होते, पण बोललो नव्हतो. आता भाची आपल्या घरी गेली आहे आणि बाळ पालथे पडू लागले आहे. ताई तरीही अधूनमधून कुंडावर जाते. आता तिला त्याची गरज नाही, आवड आहे. मी त्या दुकानातून साबणाची एक वडी आणली. ताई ती वापरत नाही, कपाटात कपड्यांच्या घडीत ठेवते. तिच्या निवृत्तीला रुग्णालयाने एक नारळसुद्धा दिला नव्हता, आणि मीही काही दिले नव्हते.

तेव्हा किंमत वसूल होते का? साबणाची होत नाही. गोळ्यांची तर नाहीच नाही. पण ज्या दर्पाने माझा चहा नासवला, त्याने माझ्या बहिणीला तिची नात दिली, आणि ज्या मुलीने काही न विकता ते केले, तिचे आभार मानणे माझे कर्तव्य आहे. ते मला तोंडी जमले नाही. म्हणून मला येते ते मी केले. दुकानाच्या व्यवस्थापनाला लेखी कळवले की कुंडावर वृद्ध स्त्रियांना ताटकळत उभे राहावे लागते, ही गैरसोय असून तिथे तातडीने एक खुर्ची ठेवण्यात यावी. प्रत फेसवालीला दिली. तिने ती वाचली, नाकाला लावली आणि कुंडाच्या वरच्या खिळ्याला अडकवली.

खुर्ची आली. तिचा एक पाय हलतो. त्याबद्दल मी अजून अर्ज केलेला नाही.